लेसरवर धावणारे अंतराळयान : विज्ञानाला मान्य, अभियांत्रिकीला अवघड

भोर तालुक्यातील हिर्डोशीच्या परिसरातून मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिले आणि समोर डोंगर आडवा आला नाही, तर क्षितिजालगत एक तेजस्वी तारा काही काळ दिसतो. नरतुरंग तारकासमूहातील हा ‘मित्र’ तारा होय. साध्या डोळ्यांना तो एकच दिसत असला, तरी प्रत्यक्षात ती तीन ताऱ्यांची तारकामाला आहे. सूर्य वगळता आपल्याला सर्वांत जवळची तारकामाला हीच. तरीही तिचे अंतर सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे, म्हणजे ४१ लाख कोटी किलोमीटर आहे. मानवाने पाठविलेल्या यानांपैकी सर्वांत दूर पोहोचलेले ‘व्हॉयेजर-१’ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावत आहे. त्या वेगाने एखादे यान ‘मित्र’च्या दिशेने निघाले, तर तेथे पोहोचण्यास त्याला ७५ हजार वर्षांहून अधिक काळ लागेल.

हाच प्रवास वीस-बावीस वर्षांत पुरा करण्याचा एकच मार्ग आज भौतिकशास्त्राच्या चौकटीत गांभीर्याने मांडला जातो. तो म्हणजे यानात इंधन न भरता पृथ्वीवरून वा अवकाशातून लेसरचा प्रखर झोत टाकून यानाला ढकलणे. ही कल्पना विज्ञानकथेतील वाटली, तरी तिच्या मुळाशी असलेला सिद्धांत दीडशे वर्षांचा जुना आहे आणि प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. प्रश्न आहे तो तिच्या व्यवहार्यतेचा. किती वीज लागेल, ती कशी पुरवायची, शीड कशाचे बनवायचे, नेम कसा साधायचा आणि इतका शक्तिशाली झोत कोणाच्या हाती द्यायचा, या पाच प्रश्नांच्या उत्तरांवर या कल्पनेचे भवितव्य अवलंबून आहे.

रॉकेटची मूळ अडचण

रॉकेट पुढे जाते ते मागे वायू फेकून. हा वायू ज्या इंधनापासून तयार होतो, ते रॉकेटलाच वाहून न्यावे लागते. वेग वाढवायचा तर इंधन वाढवावे लागते. इंधन वाढले की वजन वाढते आणि ते वजन उचलण्यासाठी आणखी इंधन लागते. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये हा हिशेब सूत्रबद्ध केला. भारताच्या ‘पीएसएलव्ही’चे उदाहरण बोलके आहे. त्याच्या मोठ्या आवृत्तीचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ३२० टन असते, तर सूर्याशी समकालिक कक्षेत ते पावणेदोन टनांच्या आसपास वजनाचा उपग्रह सोडू शकते. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथील कारखान्यात ज्या घन इंधनाच्या मोटारींची अवाढव्य कवचे तयार होतात, त्यांचा आकार पाहिला की इंधनाच्या या ओझ्याची कल्पना येते.

पृथ्वीच्या कक्षेसाठी, चंद्रासाठी, मंगळासाठी हे ओझे परवडते. ताऱ्यांसाठी ते परवडत नाही. रासायनिक इंधनातून मिळणारी ऊर्जा मर्यादित असल्याने प्रकाशाच्या वेगाच्या एक टक्का वेग गाठायचा म्हटला, तरी लागणारे इंधन कल्पनेपलीकडे जाते. म्हणूनच ऊर्जेचा स्रोत यानाबाहेर ठेवण्याचा विचार पुढे आला.

प्रकाशाचाही धक्का बसतो

धूमकेतूचे शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला वळलेले असते, हे पाहून योहानेस केप्लर यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी सूर्यप्रकाश पदार्थाला ढकलतो असा तर्क केला होता. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये प्रकाशाच्या दाबाचे गणित मांडले. रशियाचे प्योत्र लेबेदेव, तसेच अमेरिकेचे निकोल्स आणि हल यांनी १९००च्या सुमारास तो दाब प्रयोगशाळेत मोजून दाखविला. प्रकाशकणांना वस्तुमान नसले, तरी संवेग असतो. आरशावर आदळून परतताना ते आरशाला दुहेरी धक्का देतात.

हा धक्का मात्र अत्यंत क्षीण असतो. पृथ्वीच्या अंतरावर एक चौरस मीटरच्या उत्तम आरशावर सूर्यप्रकाशाने पडणारे बल एका न्यूटनच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतके भरते. लेसरबाबतचा हिशेब सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाच्या उदाहरणाने समजून घेता येईल. कोयनेची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. ही सगळीच्या सगळी वीज कोणतीही गळती न होता लेसर-प्रकाशात बदलली आणि तो प्रकाश एका आदर्श आरशावर टाकला, तर आरशावर पडणारे बल सुमारे १३ न्यूटन असेल. पृथ्वीवर सव्वा ते दीड किलो वजन उचलून धरण्याइतकाच हा जोर झाला.

हा आकडा निराशाजनक वाटतो. परंतु येथेच या कल्पनेची गोम आहे. अवकाशात हवेचा अडथळा नसल्याने अल्प बलही सतत लावल्यास वेग साठत जातो. शिवाय ढकलायची वस्तू किलोऐवजी ग्रॅममध्ये मोजण्याइतकी हलकी केली, तर तेच तेरा न्यूटन प्रचंड ठरतात. लेसर-प्रणोदनाची सारी मदार यानाचे वजन कमी करण्यावर आहे.

तीन वेगवेगळे मार्ग

लेसरच्या साह्याने यान चालविण्याचे तीन मार्ग मांडले गेले आहेत आणि त्यांची व्यवहार्यता सारखी नाही.

पहिला मार्ग लेसरने पदार्थ तापवून त्याचा झोत निर्माण करण्याचा. अमेरिकेतील आर्थर कँट्रोविट्झ यांनी १९७२ मध्ये जमिनीवरील लेसरने उपग्रह कक्षेत पोहोचविण्याची कल्पना मांडली. लाइक मिराबो यांनी ती छोट्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणली. २ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स येथे त्यांचे सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाचे ‘लाइटक्राफ्ट’ १० किलोवॉटच्या स्पंदनशील लेसरवर ७१ मीटर उंच गेले. प्रयोग यशस्वी ठरला; पण ७१ मीटर आणि पृथ्वीची कक्षा यांत मोठे अंतर आहे आणि त्या दिशेने पुढील मोठी झेप अद्याप पडलेली नाही.

दुसरा मार्ग लेसरने केवळ ऊर्जा पाठविण्याचा. यानावर सौरपट्ट्यांसारख्या पट्ट्या बसवायच्या, त्यांवर लेसर टाकून वीज निर्माण करायची आणि त्या विजेवर आयन-इंजिन चालवायचे. किंवा लेसरच्या उष्णतेने हायड्रोजन तापवून मागे फेकायचा. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार १० मीटर व्यासाच्या आणि १०० मेगावॉटच्या लेसर-संचाने तापविलेल्या हायड्रोजनच्या साह्याने यान ४५ दिवसांत मंगळावर पोहोचू शकेल. आजच्या पद्धतीने या प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात. १०० मेगावॉट ही विजेच्या दृष्टीने आवाक्यातील गोष्ट आहे. मात्र मंगळाजवळ पोहोचल्यावर त्या यानाला थांबविण्यासाठी तेथे लेसर नसेल, ही अडचण उरतेच.

तिसरा मार्ग शुद्ध प्रकाशदाबाचा, शिडाचा. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉरवर्ड यांनी १९६०च्या दशकापासून त्याचा पाठपुरावा केला. १९८४ मधील त्यांच्या आराखड्यात एक टन वजनाच्या यानासाठी ३.६ किलोमीटर व्यासाचे शीड, ६५ गिगावॉटचा लेसर आणि झोत एकवटण्यासाठी तब्बल एक हजार किलोमीटर व्यासाचे भिंग होते. गणित बिनचूक होते. बांधणी अशक्यप्राय होती.

सूर्यप्रकाशावर चालणारी शिडे मात्र अवकाशात चालून दाखविली गेली आहेत. जपानच्या ‘इकारोस’ने २०१० मध्ये १४ मीटर बाजूचे शीड उलगडून आंतरग्रहीय अवकाशात सूर्यप्रकाशाच्या दाबावर मार्गक्रमण केले. अमेरिकेतील प्लॅनेटरी सोसायटीचे ‘लाइटसेल-२’ जून २०१९ मध्ये उडाले आणि ३२ चौरस मीटरच्या शिडाने पृथ्वीभोवतीची आपली कक्षा बदलून दाखविली. तत्त्वाविषयी आता शंका उरलेली नाही.

‘स्टारशॉट’ : मोठी घोषणा आणि विराम

या तिसऱ्या मार्गाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती १२ एप्रिल २०१६ रोजी. उद्योगपती युरी मिलनर आणि विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी न्यूयॉर्क येथे ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ प्रकल्प जाहीर केला. संशोधनासाठी १० कोटी डॉलरची रक्कम घोषित करण्यात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील प्रा. फिलिप लुबिन यांच्या आराखड्याचा त्याला आधार होता. एका मोबाइल फोनच्या सुट्या भागांइतके छोटे, ग्रॅमभर वजनाचे यान. त्याला सुमारे चार मीटरचे शीड. जमिनीवर सुमारे एक किलोमीटर रुंदीचा लेसर-संच. त्याची एकत्रित शक्ती १०० गिगावॉट. आणि काही मिनिटांत गाठायचा वेग प्रकाशाच्या २० टक्के. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘मित्र’च्या तारकामालेतील ‘प्रॉक्सिमा’ ताऱ्याभोवती पृथ्वीसदृश वस्तुमानाचा ग्रह सापडल्याचे जाहीर झाल्याने या प्रकल्पाविषयीचे कुतूहल वाढले.

पुढील काही वर्षांत या प्रकल्पातून शिडाचे पदार्थ, लेसरचे एकत्रीकरण आणि संदेशवहन यांवर अनेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष उभारणीचा खर्च ५ ते १० अब्ज डॉलरच्या घरात जाईल, असा अंदाज होता. तुलनेसाठी, भारताच्या अंतराळ विभागाची २०२४-२५ ची संपूर्ण तरतूद सुमारे १३ हजार कोटी रुपये होती. ‘स्टारशॉट’चा अंदाजित खर्च तिच्या किमान तिप्पट भरतो. मात्र प्रकल्पाचे काम बेमुदत थांबल्याचे आणि घोषित रकमेचा अगदी छोटा हिस्साच खर्च झाल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. प्रकल्प थांबला म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. परंतु तो का थांबला, याची कारणे समजून घेणे उद्बोधक आहे.

वीज पुरेल, पण ती एकदम हवी

शंभर गिगावॉट म्हणजे एक लाख मेगावॉट. मे २०२४ मध्ये संपूर्ण भारताची विजेची कमाल मागणी सुमारे अडीच लाख मेगावॉटपर्यंत गेली होती. विजेचे लेसर-प्रकाशात रूपांतर होताना निम्मी ऊर्जा उष्णतेत जाते असे धरले, तर शंभर गिगावॉटच्या झोतासाठी दोन लाख मेगावॉट वीज लागेल. देशाच्या कमाल मागणीच्या चार-पंचमांश!

मात्र हा झोत वर्षभर नको असतो. एक ग्रॅमच्या यानाचा सरळ हिशेब केला, तर शंभर गिगावॉटच्या झोतावर पडणारे बल सुमारे ६६७ न्यूटन भरते. त्याने यानाला पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या ६० हजार पटींहून अधिक त्वरण मिळते आणि सुमारे दीड मिनिटात ते प्रकाशाच्या वीस टक्के वेग गाठते. तोवर ते चंद्राच्या अंतराच्या सातपट दूर गेलेले असते. या दीड मिनिटात खर्च झालेली वीज, रूपांतरातील घट धरूनही, सुमारे ५० लाख युनिट भरते. कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला, तर इतकी वीज तो अडीच तासांत निर्माण करतो.

म्हणजे ऊर्जेचा प्रश्न फारसा बिकट नाही. एका यानासाठी लागणारी वीज एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या काही तासांच्या उत्पादनाइतकीच आहे. बिकट आहे ते ही वीज साठवून दीड मिनिटात सोडणे. त्यासाठी लागणारे संचयक, जोडणी आणि उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था आज कोठेही या प्रमाणावर अस्तित्वात नाही.

लेसरचेही तसेच. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पत्रा कापण्यासाठी वापरले जाणारे फायबर लेसर साधारणतः काही किलोवॉटचे असतात. असे एक किलोवॉटचे लेसर धरले, तर शंभर गिगावॉटसाठी दहा कोटी लेसर लागतील. आणि ते नुसते शेजारी ठेवून भागणार नाही. त्यांच्या प्रकाशलहरी तंतोतंत एका तालात, समकला ठेवाव्या लागतील. मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शंभर टेरावॉट, म्हणजे ‘स्टारशॉट’च्या हजारपट शक्तीचा लेसर आहे, हे ऐकून कोणालाही प्रश्न पडेल की मग अडचण कोठे आहे? अडचण कालावधीत आहे. त्या लेसरचे स्पंदन एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी काळ टिकते. त्यातील एकूण ऊर्जा दोन-तीन ज्यूल, म्हणजे दहा वॅटचा एलईडी दिवा पाव सेकंद लावण्याइतकी असते. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासासाठी ते स्पंदन अमोल आहे. यान ढकलण्यासाठी दीर्घकाळ टिकणारा झोत हवा.

शीड जळता कामा नये

शंभर गिगावॉट प्रकाश सोळा चौरस मीटरच्या शिडावर एकवटला, तर त्याची तीव्रता पृथ्वीवर वातावरणाबाहेर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या सुमारे ४५ लाख पट होते. या प्रकाशाचा लाखातला एक भाग जरी शिडाने शोषला, तरी शिडात मुरणारी उष्णता एक मेगावॉट होईल. हजार वॅटच्या एक हजार इस्त्र्या एकाच वेळी एका विलक्षण पातळ पडद्यावर टेकविल्यासारखे ते होईल. तेव्हा शीड जवळजवळ काहीही न शोषणारे, ग्रॅमभर वजनाचे आणि तरीही हजारो पट गुरुत्वाचा ताण सोसणारे हवे. शिवाय झोताच्या मध्यावरून किंचित सरकल्यास ते आपोआप मध्याकडे परतेल, असा त्याचा आकार हवा.

या आघाडीवर अलीकडे प्रगती झाली आहे. सिलिकॉन नायट्राइड हा त्यासाठीचा आश्वासक पदार्थ मानला जातो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये अवघ्या ५० नॅनोमीटर जाडीच्या आणि ४० मायक्रोमीटर बाजूच्या पडद्यावरील लेसरचा दाब प्रत्यक्ष मोजल्याचे प्रसिद्ध केले. नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठांच्या संशोधकांनी त्याच वर्षी २०० नॅनोमीटर जाडीचा, अब्जावधी सूक्ष्म छिद्रे असलेला, ६ सेंटिमीटर बाजूचा पडदा तयार केला. सहा सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंतचा पल्ला मोठा आहे. परंतु मायक्रोमीटरपासून सहा सेंटिमीटरपर्यंतचा पल्ला गाठला गेला आहे, हेही खरे.

नेम आणि जागा

एक किलोमीटर रुंदीच्या संचातून निघालेला झोतही अंतराबरोबर पसरतो. निसर्गाने घातलेल्या या मर्यादेस विवर्तन म्हणतात. ‘स्टारशॉट’च्या संचाचा झोत चंद्रावर अर्ध्या मीटरहून लहान ठिपक्यावर एकवटता येईल, इतका अचूक असावा लागेल. तेवढी अचूकता असली, तरच चंद्राच्या सातपट अंतरावरील चार मीटरच्या शिडावर तो टिकून राहील. पृथ्वीचे वातावरण सतत थरथरत असते. ताऱ्यांचे लुकलुकणे हा त्याचाच परिणाम. ही थरथर क्षणोक्षणी मोजून प्रत्येक लेसरची लय बदलणारी यंत्रणा मोठ्या दुर्बिणींवर छोट्या प्रमाणात वापरली जाते. ती एक किलोमीटरच्या संचावर वापरावी लागेल.

असा संच महाराष्ट्रात उभारता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर हिर्डोशीच्या आकाशात मिळते. पूर्वीच्या हिरडस मावळातील हा भाग वरंधा घाटाच्या वाटेवर, नीरा-देवघर धरणाच्या परिसरात येतो. तो सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ‘मित्र’ तारा खगोलीय विषुववृत्ताच्या जवळजवळ ६१ अंश दक्षिणेस असल्याने येथून तो क्षितिजावर जास्तीत जास्त ११ अंश चढतो. इतक्या तिरप्या कोनातून गेलेल्या झोताला डोक्यावरच्या सरळ मार्गाच्या पाचपट हवा ओलांडावी लागते. त्यातच सह्याद्रीच्या ऐन माथ्यालगतचा हा पट्टा पावसाळ्याचे चार महिने ढगांत बुडालेला असतो. कन्याकुमारीला गेले, तरी तारा २१ अंशांच्या वर चढत नाही. उलट चिलीच्या अटाकामा वाळवंटातून तो ५० अंशांहून वर येतो. तेथील हवा विरळ, कोरडी आणि उंचावरची आहे. म्हणूनच दक्षिण गोलार्धातील उंच, कोरड्या जागेचा विचार करण्यात आला होता. झोत अवकाशातूनच सोडला, तर वातावरणाचा प्रश्न सुटतो. परंतु एक किलोमीटरचा संच कक्षेत नेण्याचा खर्च आवाक्याबाहेर जातो.

हिंगोलीतील दुवा

महाराष्ट्राचा या विषयाशी खरा संबंध येतो तो हिंगोली जिल्ह्यात. औंढा नागनाथ तालुक्यात उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्यातील ‘आयुका’, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात प्रमुख सहभाग आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या टोकांना टांगलेल्या आरशांमध्ये लेसर-प्रकाश मागे-पुढे फिरवून अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाली टिपणे, हे तिचे काम.

या वेधशाळेचा अंतराळयानाशी थेट संबंध नाही. मात्र लेसर आरशाला ढकलतो, ही गोष्ट येथे दैनंदिन अभियांत्रिकीचा भाग आहे. अमेरिकेतील ‘लायगो’च्या भुजांत साठलेल्या प्रकाशाची शक्ती काही लाख वॅटपर्यंत जाते. तीन लाख वॅटचा प्रकाश ४० किलोच्या आरशाला सुमारे २ मिलिन्यूटन बलाने, म्हणजे एक-पंचमांश ग्रॅम वजनाच्या जोराने ढकलतो. झोत मध्यापासून किंचित सरकला, तर आरसा वळू लागतो आणि त्याला नियंत्रक यंत्रणेने सावरावे लागते. प्रकाशाच्या पुंज-स्वरूपामुळे होणारी या आरशांची सूक्ष्मतम थरथर ‘लायगो’च्या शास्त्रज्ञांनी मोजल्याचे २०२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या आरशांवरील लेप सुमारे तीस लाख प्रकाशकणांपैकी जेमतेम एक शोषतात. लेसरची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर असते. लेसर-शिडांचे आराखडेही बहुधा याच तरंगलांबीच्या आसपास आखले जातात. अत्यल्प शोषण, अतिस्थिर लेसर, समकलेचे नियंत्रण आणि प्रकाशदाबाने डगमगणाऱ्या आरशाला सावरणे ही लेसर-शिडाला लागणारी चारही कौशल्ये येथे पणाला लागतात. इंदूरच्या केंद्राची पायाभरणी फेब्रुवारी १९८४ मध्ये झाली. संस्थापक-संचालक डॉ. दिलीप देविदास भवाळकर यांच्या काळात तेथे देशी लेसर-तंत्रज्ञानाचा पाया घातला गेला. त्या परंपरेतील तंत्रज्ञ आणि पुण्याचे शास्त्रज्ञ हिंगोलीत जे शिकतील, ते पुढे लेसर-प्रणोदनाच्या संशोधनालाही उपयोगी पडू शकेल.

झोत कोणाच्या हाती?

तांत्रिक अडचणींइतकाच गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. डीआरडीओने १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे ड्रोन पाडणाऱ्या ३० किलोवॉटच्या लेसर-शस्त्राची चाचणी घेतली. ‘स्टारशॉट’च्या संचाची शक्ती त्याच्या ३३ लाख पट असेल. ग्रॅमभर यानाला ताऱ्याकडे ढकलणारा झोत कोणत्याही देशाचा उपग्रह क्षणार्धात निकामी करू शकेल. १९६७ चा बाह्य अवकाश करार अण्वस्त्रे आणि सामूहिक संहाराची शस्त्रे कक्षेत ठेवण्यास मनाई करतो. जमिनीवरील लेसरविषयी त्यात स्पष्ट तरतूद नाही. असा संच कोणत्या देशात असावा, त्याची कळ कोणाच्या हाती असावी, विमाने आणि उपग्रह मार्गात नसल्याची खात्री कोणी करावी, यावर आंतरराष्ट्रीय सहमती झाल्याखेरीज तो उभा राहणे कठीण आहे.

यान पोहोचले, तरी अडचणी संपत नाहीत. प्रकाशाच्या वीस टक्के वेगाने जाताना धुळीचा सूक्ष्म कणही घातक ठरू शकतो. समोर लेसर नसल्याने यानाला थांबता येणार नाही. ताऱ्याजवळून ते काही तासांत निघून जाईल. तेथे काढलेली छायाचित्रे ग्रॅमभर यानातून पृथ्वीपर्यंत पाठविणे आणि चार वर्षांहून अधिक प्रवास करून आलेला क्षीण संदेश टिपणे, हे स्वतंत्र आव्हान आहे.

काय शक्य, काय दूर

उपलब्ध माहितीवरून लेसर-प्रणोदनाच्या व्यवहार्यतेचे तीन टप्पे करता येतात. किलोवॉटच्या टप्प्यावरील कामे आजच्या तंत्राच्या आवाक्यात आहेत. कक्षेतील निकामी तुकड्यांना प्रकाशदाबाने हलकेच सरकवून टक्कर टाळण्याची सूचना नासाच्या एम्स केंद्रातील संशोधकांनी २०११ मध्ये केली होती. तिला सुमारे पाच किलोवॉटचा लेसर पुरेल, असा त्यांचा हिशेब होता. मेगावॉटच्या टप्प्यावर सौरमालेतील जलद प्रवास येतो. तेथे वीज हा अडसर नाही. लेसरचे एकत्रीकरण, मोठे प्रकाशीय संच आणि त्यांची किंमत हा अडसर आहे. गिगावॉटचा, म्हणजे ताऱ्यांचा टप्पा मात्र अजून प्रयोगशाळेतील पडद्यांच्या पुढे गेलेला नाही.

या तिन्ही टप्प्यांत एक बाब समान आहे. लेसर-संच एकदा उभा राहिला, की तो पुनःपुन्हा वापरता येतो आणि लहान संच टप्प्याटप्प्याने मोठा करता येतो. ग्रॅमभर यान हरवले, तर दुसरे पाठविता येते. रॉकेटच्या तुलनेत हा मोठा लाभ आहे. म्हणूनच थेट ताऱ्यांचे लक्ष्य ठेवण्याऐवजी किलोवॉटपासून सुरुवात करून मेगावॉटकडे जाणे हा अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो. भारतासारख्या देशाने यात उतरायचे ठरविले, तर त्याला परवडणारी पायरीही हीच आहे.

दृष्टिक्षेपात लेसर-प्रणोदन

• आदर्श आरशावर १ गिगावॉट लेसरचे बल : सुमारे ६.७ न्यूटन
• कोयनेच्या पूर्ण क्षमतेइतक्या (१,९६० मेगावॉट) लेसरचे बल : सुमारे १३ न्यूटन
• ‘लाइटक्राफ्ट’ची उंची (२०००) : ७१ मीटर
• ‘इकारोस’ सौरशीड (२०१०) : बाजू १४ मीटर
• ‘स्टारशॉट’चा आराखडा (२०१६) : १०० गिगावॉट, १ किलोमीटरचा संच, प्रकाशाच्या २० टक्के वेग
• लेसर-तापित हायड्रोजनवर मंगळ (२०२२ चा आराखडा) : १०० मेगावॉट, ४५ दिवस
• ‘मित्र’ तारकामालेचे अंतर : ४.३७ प्रकाशवर्षे
• हिर्डोशीहून ‘मित्र’ची क्षितिजावरील कमाल उंची : सुमारे ११ अंश